दुसरी सही

अ‍ॅडव्होकेट गौरवी नार्वेकर खुर्चीत बसलेली पाहिली असे छातीठोकपणे सांगणारा माणूस डिचोलीत शोधूनही सापडायचा नाही. तशी खुर्ची आहे. बसस्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीत तिचे ऑफिस आहे, तिथे चाकांची, गोल फिरणारी, चांगली पाठ टेकायची खुर्ची आहे. पण तिच्यावर बहुतेक वेळ बाईंचा काळा कोटच बसलेला असतो. बाई स्वतः स्कूटरवर. सकाळी मुळगावच्या विटावाल्याकडे, दुपारी शिरगावच्या गॅरेजात, संध्याकाळी पेडण्याला कोणाच्या तरी दुकानाच्या भाड्यावरून खल करत. खायला फुरसत मिळाली तर उभ्या उभ्या भाजीपाव. तिची आई पद्मावती ताटे वाढून दमली. "बसून जेवल्यार कोर्ट तुका दंड मारता गो?" असे ती विचारते, आणि गौरवी उभ्यानेच भाताचा शेवटचा घास घेत हेल्मेट शोधू लागते.

लोक तिला तोंडावर वकीलबाय म्हणतात आणि पाठीमागे फिरता दवाखाना. दुसरे नाव जास्त बरोबर आहे. मोठ्या कंपन्यांना पणजीत वकील असतात, ते एसीत बसतात. आपल्या दोन तालुक्यांतल्या धंदेवाल्याची तऱ्हाच निराळी. दोन मित्र चहा पिता पिता ठरवतात की गॅरेज काढायचे. एकाची जागा, दुसऱ्याचा हात. कागद? "कागद मागीर बघूया." मग नारळ फुटतो, बोर्ड लागतो, धंदा चालतो, आणि चालता चालता एक दिवस मित्रांचे फाटते. तेव्हा कुठे वकील आठवतो, आणि तोवर ज्याची जागा तो शटरला कुलूप लावून मोकळा झालेला असतो. असली भांडणे निस्तरताना गौरवीच्या नाकी नऊ आले, तेव्हा तिने उलटा रस्ता धरला. बोलावण्याची वाट बघायची नाही, आपणच जायचे. लायसन्स कधी संपते, दुकान कोणाच्या नावावर, बोर्डावरचे नाव नोंदवले का, भागीदाराशी काही लिहून ठेवलेय का. धंदेवाला वैतागतो, चहा मागवतो आणि शेवटी मुकाट्याने कपाटातली पिशवी काढून देतो.

हे समाजकार्य आहे असे कोणी समजू नये. तिला बसवतच नाही. या दोन तालुक्यांत या घटकेला कोणीतरी, कुठेतरी, न वाचता सही ठोकत असणार, या विचाराने तिच्या पायांना भिंगरी लागते. चुकीच्या सहीचे दुखणे वर यायला वर्षे लागतात, हा तिचा अनुभव. न केलेल्या सहीचे दुखणे त्याहून उशिरा वर येते, हे मात्र तिला या उन्हाळ्यात कळले, आणि तेही अशा घरात, जिथले कागद तपासायचे तिच्या कधी मनातच आले नव्हते.

ते घर गोकुळदास कोरगावकरांचे. गोकुळदास आणि त्यांची बायको शालिनी खाजे करतात. गोव्यात जत्रा म्हटली की खाजे आलेच: बेसनाच्या बोटभर जाड शेवा तळायच्या, आले घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवायच्या आणि सुकू द्यायच्या. माणूस देवाच्या पाया पडतो आणि खाज्यांचा पुडा घेऊन घरी जातो. पेडण्याहून नव्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, मोठ्या कढया, आणि पुडे भरणाऱ्या आसपासच्या चार बायका. जत्रांच्या दिवसांत दोघे गावोगाव मांड, म्हणजे खाज्यांचा ठेला, घालून बसतात, एरवी आठवड्याच्या बाजारात.

गौरवी सनद घेऊन पेडण्याच्या बाजारात पहिल्यांदा आली तेव्हा तिला कुत्रे विचारत नव्हते. बाईमाणूस, त्यातून डिचोलीची. शालिनीने आपल्या मांडामागे तिला एक स्टूल दिले. "हंय बस," ती म्हणाली. "लोक खाजां घेऊक येतले, तेवां तुका पण बघतले." आणि तसेच झाले. लोकांनी खाजे घेतले, हिला बघितले, आणि जाता जाता घरपट्टीपासून वजनकाट्यापर्यंत सगळे विचारून घेतले. पहिले वकीलपत्र गोकुळदासांचेच, तेही बायकोने ढोसले म्हणून. आज इतकी वर्षे झाली तरी बाजाराच्या दिवशी गौरवी त्या मांडामागेच असते. ती उभी असते आणि स्टुलावर फाइली बसतात.

खाज्यांचे लायसन्स तिनेच काढून दिले, पुड्यावरचे नाव तिनेच नोंदवले, विमानतळावरच्या दुकानात माल ठेवण्याचा करार तिनेच वाचून, तीनदा फिरवून, मग त्यावर सही करू दिली. सगळे गोकुळदासांच्या नावावर. जमीन त्यांच्या नावावर, शेड त्यांच्या नावावर, लायसन्स त्यांच्या नावावर. शालिनीच्या नावावर काय, तर हातांवरचे पाकाचे डाग. गौरवीने एकदा विषय काढला होता. गोकुळदास हसले. "तिचां नि माझां वेगळां आसा काय गे बाय?" आणि गोव्याच्या कायद्याप्रमाणे ते खरेच होते. पोर्तुगीज गेले ते पाव ठेवून गेले आणि हा कायदा ठेवून गेले: लग्न झाले की जे आहे ते दोघांचे, अर्धे अर्धे. नवऱ्याला जमीन विकायची तर बायकोची सही लागते. म्हणून गौरवीने तो विषय तिथेच सोडला.

यंदा फाल्गुनात गोकुळदासांकडे संदीप आला. संदीप मूळचा सिंधुदुर्गातला. खाणी चालू होत्या तेव्हा तो ट्रक चालवायचा, खाणी थांबल्या तसा जमिनींच्या दलालीत शिरला, आणि विमानतळ आल्यापासून त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. कुठल्याशा हॉटेल कंपनीला रस्त्यालगतची जागा हवी होती. कंपनी देणार होती तो आकडा ऐकून गोकुळदास रात्रभर झोपले नाहीत म्हणतात. त्यांचे गुडघे गेले होते, कढईपुढे उभे राहवत नव्हते. म्हापशाला फ्लॅट घ्यावा, लिफ्ट असलेला, आणि टीव्हीपुढे पाय पसरून बसावे, एवढीच त्यांची इच्छा. ती वाईट आहे असे कोण म्हणेल?

शालिनी म्हणाली, नाय. तिने कारण दिले नाही, आवाज चढवला नाही. कढईतला झारा न थांबवता "नाय" म्हणाली आणि पाकाची तार बघत राहिली. दोघांना मूलबाळ नव्हते. माहेर सासोलीला होते, तिथे आता कोणी राहिले नव्हते. त्या पत्र्याच्या शेडबाहेर तिला दुसरे जग नव्हते, आणि ते तिने भाषण करून सांगावे असा तिचा स्वभावही नव्हता.

गोकुळदासांना वाटले, आज ना उद्या होकार मिळेल. त्यांनी गौरवीला कागद तयार करायला सांगितले. गौरवीने नेहमीची यादी सांगितली, त्यात लग्नाचा दाखला. गोकुळदासांनी ट्रंक उपसून एक पिवळा पडलेला कागद आणला. गौरवीने तो उलटला, पालटला.

"भाऊ, ही पयली सही. दुसरी खंय?"

"दुसरी कसली? सही केल्ली मगे," गोकुळदास म्हणाले.

इथे परगावच्या वाचकाला थोडे सांगायला हवे. गोव्यात लग्न दोन सह्यांनी होते. दोघांनी नोंदणीच्या ऑफिसात जाऊन पहिली सही केली म्हणजे फक्त मनसुबा जाहीर झाला. मग काही दिवस नोटीस लागते. कोणाची हरकत आली नाही तर पुन्हा जायचे आणि दुसरी सही करायची. ती झाली की लग्न झाले. मधल्या काळात भटजी येतो, मंडप पडतो, गाव जेवते, आणि पुष्कळांना वाटते झाले सगळे. ते कायद्याला दिसत नाही. गौरवी तशीच उठली, म्हणजे उभीच होती, ती निघाली, आणि पेडण्याच्या ऑफिसात जाऊन जुनी नोंद काढायला लावली. दोघांची नावे होती, पहिल्या सह्या होत्या आणि दुसऱ्या सह्यांची जागा कोरी होती. मुदत केव्हाच उलटून गेलेली. सगळ्या पेडण्यात जिला खाजेकारीण म्हणून ओळखतात ती शालिनी गोकुळदास कोरगावकर कायद्याच्या लेखी कोणाचीच बायको नव्हती.

नोंद काढायला लावली तेव्हा शेजारच्या टेबलाशी संदीप दुसऱ्या कुठल्या तरी कामाला आला होता. त्याचे कान तयार. संध्याकाळपर्यंत तो गोकुळदासांच्या पडवीत जाऊन पोचला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोकुळदासांचा गौरवीला फोन आला. आवाज खाली होता, शेडपासून लांब जाऊन बोलत असावेत.

"संदीप म्हणता, आता शालनची सही नको. मी एकटोच सही केलंय तर चलता. खरां काय गे?"

गौरवी फोन कानाला लावून ऑफिसात फेऱ्या घालत होती, ती थांबली. तिला खोटे बोलता आले असते. पण अशिलाने कायदा विचारला आणि वकिलाने मनाला येईल ते सांगितले, तर मग तिच्यात आणि संदीपमध्ये फरक काय राहिला?

"कायद्यान चलता," ती म्हणाली. "कोणी कोर्टात गेलां तर वर्सानुवर्सां भांडण होयत. पण आज, कागदावर, चलता."

"बरां," गोकुळदास म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्या एका शब्दाने गौरवीची झोप उडाली. गोकुळदास वाईट माणूस असते तर गोष्ट सोपी होती. वाईट माणसाशी कसे वागायचे हे तिला ठाऊक होते. पण हा माणूस बायकोला तापलेली कढई उचलू द्यायचा नाही, बाजारातून येताना तिच्यासाठी अबोलीच्या फुलांचा वळेसर आणायचा. त्याला फक्त बायकोच्या तोंडावर काही बोलायचे धाडस नव्हते, आणि आता बोलायची गरजच उरली नव्हती. न बोलता काम होत असले की भली भली माणसे काय काय करून जातात, हे गौरवीने पुष्कळ पाहिले होते.

आणि शालिनीला सांगावे, तर तेही तोंडाला कुलूप. वकीलपत्र गोकुळदासांचे. अशिलाने विश्वासाने विचारलेले वकिलाच्या पोटात राहिले पाहिजे. नाहीतर उद्या वकिलाला मन मोकळे करून कोण सांगेल? स्टूल शालिनीचे आणि सही गोकुळदासांची, यात गौरवीचा जीव पिळून निघाला. ती दोन्ही तालुक्यांत नुसती भणभणत राहिली. मुळगावला काम नसताना गेली. विटावाल्याने चहा मागवला, तो येण्याआधीच निघाली. नार्व्याला देवळात गेली, हात जोडले, काय मागायचे ते सुचेना, तशीच खाली नदीवर येऊन फेरीबोटीत चढली. पलीकडे उतरलीच नाही. बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत तीच बोट धरून परत आली. बोटीवाल्याने विचारले, "बाय, काय हरवलां?" ती म्हणाली, "नाय रे, काय ना."

शेवटी तिला करण्यासारखे एकच होते, ते तिने केले. गोकुळदासांच्या पडवीत उभी राहून ती म्हणाली, "भाऊ, ह्या खरेदीखत मी करूचंय नाय. दुसरो वकील बघा."

"तू माझी वकील मगे?"

"म्हणानच सांगतंय. वयनीक सांगा, मागीर काय ता करा. न सांगता करतल्यात तर मी नाय."

गोकुळदासांनी मान खाली घातली. गुडघा चोळत बसले.

पुढचा बाजाराचा दिवस आला. जायचे की नाही यावर गौरवीने सकाळभर घोळ घातला आणि सवयीने गेली. मांडावर गिऱ्हाईक कमी होते. गोकुळदास मांडाच्या दुसऱ्या टोकाला पुडे रचत होते. शालिनीने पदराला हात पुसले आणि मागे वळून अगदी साध्या आवाजात विचारले, "गे बाय, संदीप काल म्हणालो, वयनी तुमची सही लागूची नाय. कित्याक लागूची नाय?"

"ता माका सांगूक येणा नाय, वयनी," ती म्हणाली. "भाऊंका विचारा."

शालिनीने तिच्याकडे बघितले. मग नवऱ्याकडे बघितले. गोकुळदासांच्या हातातला पुडा हातातच राहिला होता.

"दुसरी सही," शालिनी म्हणाली. "तीच मां?"

गौरवीला वाटले आपण काहीतरी चुकीचे ऐकले. "तुमका म्हायत आसा?"

"माका म्हायत नसात तर कोणाक? माझां लगीन." शालिनीने पाकाचा डाग पडलेला हात मांडावर ठेवला. "दुसऱ्या सहीच्या दिसा शिरगावची जत्रा होती. लग्नानंतरची पयली. हे म्हणाले, जत्रेतली जागा एकदा गेली की गेली, सही काय पळान जाता? खरां होतां. जत्रेत जागा कोणाच्या नावार नसता. जो बसता तेची. आमी गेलव जत्रेक. मागीर मी एकदा सांगलंय, सही रवली. पावसात सांगलंय. चवथीक सांगलंय. मागीर सोडलंय."

"सोडलात कित्याक?"

शालिनीने गौरवीकडे बघितले ते जराशा कीवेने. "बायलेन घोवाक किती वेळां सांगूचां गे, माझ्याशी लगीन करा म्हणान?"

पुढे एक बाई येऊन खाज्यांचा भाव विचारत होती. शालिनीने तिला भाव सांगितला, पुडा दिला आणि पिशवी हवी का म्हणून विचारले. गोकुळदासांनी हातातला पुडा खाली ठेवला, चप्पल घातली आणि ते बाजारातून निघून गेले. गौरवीला त्या स्टुलाकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डिचोलीला आले. गुडघे धरत झेरॉक्सवाल्याचा जिना चढून ते पहिल्यांदाच तिच्या ऑफिसात आले होते, आणि कोट उचलून खुर्चीत बसले.

"पयली सही परत घालूची लागतली मां?" त्यांनी विचारले.

गौरवीने सगळे स्पष्ट सांगितले, कारण या वेळी काही पोटात ठेवायची तिची तयारी नव्हती. पहिली सही, मग नोटीस, मग दुसरी. "आणि दुसरी सही केल्यात की अर्धो कारखानो वयनीचो. जमीन आधी घेतल्ली म्हणान सुटूची नाय. ती नाय म्हणाली तर विकूक गावचो नाय. समजलां?"

"समजलां," गोकुळदास म्हणाले. "माका कायदो समजता गे. माका रातभर दुसरांच समजी नाय होतां. ती इतकी वर्सां माका काय समजली आसतली?"

पहिल्या सह्या झाल्या. दोघे ऑफिसात शेजारी उभे होते. शालिनी सही करून तडक शेडमध्ये गेली. मग नोटिशीचे दिवस सुरू झाले, आणि ते दिवस गौरवीने कसे काढले ते तिचे तिला माहीत. कारण संदीप काही स्वस्थ बसला नव्हता. त्याने म्हापशाचा दुसरा वकील गाठला, खरेदीखत तयार करून घेतले आणि गोकुळदासांच्या पडवीत रोज जाऊ लागला. त्याचे म्हणणे सरळ होते. लग्न करा की, कोण नको म्हणतो? फक्त आधी जमिनीची सही करा, मागाहून लग्नाची. पैसे बँकेत पडले की त्यातले अर्धे वयनीचे, तिचे काय नुकसान? हे ऐकायला इतके रास्त वाटत होते की गौरवीला भीती वाटे. फोन केला की गोकुळदास म्हणत, "बघूया." या शब्दाने दोन तालुक्यांत किती संसार आणि किती भागीदाऱ्या बुडाल्या ते तिच्याइतके कोणाला ठाऊक?

दुसऱ्या सहीची तारीख आली ती नेमकी शिरगावच्या जत्रेच्या दिवसांत. दैवाने मुद्दाम केले असे म्हणायची गरज नाही. वैशाखात तारीख पडली की कुठली ना कुठली जत्रा असतेच, त्यात खाजेकाराची सगळ्यात मोठी जत्रा शिरगावची. आदल्या दिवशी दोघे मांड घालून बसले होते. ठरले असे की गोकुळदासांनी सकाळच्या बसने पुढे यावे, साक्षीदारांना घेऊन ऑफिसात थांबावे आणि शालिनीने सकाळची गर्दी ओसरली की टेम्पोने यावे.

गौरवी ऑफिस उघडायच्या आधीपासून बाहेर फेऱ्या मारत होती. पेडण्याच्या त्या ऑफिसात एकाच खोलीत दोन्ही कामे चालतात. एका टेबलावर माणसे जमीन विकून मोकळी होतात आणि शेजारच्या टेबलावर लग्नाची सही करून दुसऱ्याला अर्धी देऊन टाकतात. मध्ये एक लाकडी बाक. गोकुळदास इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून त्या बाकावर बसले होते. आणि त्यांच्या बाजूला फाइल मांडीवर घेऊन संदीप. पलीकडे कंपनीचा माणूस घड्याळ बघत उभा.

"भाऊ, हे काय?" गौरवीने विचारले.

"मी नाय बोलवलंय," गोकुळदास म्हणाले. पण ते संदीपला जा असेही म्हणाले नव्हते.

वेळ सरकत गेला. शालिनी येईना. एक जोडपे आले, सह्या करून पेढे वाटून गेले. कारकून दोनदा मान वर करून बघून गेला. गौरवी दारापर्यंत जाई, रस्ता बघे, परत येई. साक्षीदार चहाला जाऊन आले. संदीप हळूच गोकुळदासांच्या कानाशी लागला, पण ते सगळ्यांना ऐकू आले. "काका, वयनी येणत नाय. तिच्या मनात नसात तर तुमी कित्याक अडान बसलात? पेन घेया." आणि त्याने टोपण काढून पेन पुढे केले. गोकुळदासांनी पेनाकडे बघितले. घेतले नाही, पण नजर हलवलीही नाही.

तिने शालिनीला फोन लावला. पलीकडे जत्रेचा गलका, ढोल, भोंगे. शालिनीला ओरडून बोलावे लागत होते, त्यामुळे फोन गौरवीच्या कानाला असूनही बाकावर सगळे ऐकू गेले.

"वयनी, खंय आसात? भाऊ कधीपासून बसले आसत."

"गिरायक आसा गे."

"किती वेळ लागतलो?"

"बसूंदेत तेंका," शालिनी म्हणाली. "इतकी वर्सां मी बसलंय."

कारकुनाने शिक्का हातात तसाच धरला. गोकुळदास उठायला लागले. गुडघ्याने साथ दिली नाही, म्हणून बसल्या जागेवरून त्यांनी हात पुढे केला, आणि गौरवीने फोन त्यांच्या हातात दिला.

"शालन," ते म्हणाले. "मांड सोड. टाकून ये. जागा गेली तर जाऊंदी."

पलीकडून नुसता ढोल ऐकू येत राहिला.

"जागा कित्याक जातली?" शालिनीचा आवाज आला, आणि तो ओला होता, हे गलक्यातूनही लपले नाही. "शेजारणीक बसवतंय नि येतंय."

गोकुळदासांनी फोन परत दिला. मग संदीपच्या हातातले पेन घेतले, त्याला टोपण लावले आणि त्याच्याच शर्टाच्या खिशात अडकवले. "तू जा रे बाबा," ते म्हणाले. "मी बसतंय." संदीपने कंपनीच्या माणसाकडे बघितले, फाइल काखेत मारली आणि तो गेला. बाकावर जागा झाली. "तू पण बस गे बाय," गोकुळदास म्हणाले. "तुझ्या फिरण्यान माका घुंवळ येता."

गौरवी बसली. किती वेळ ते तिने बघितले नाही.

ऑफिस बंद व्हायच्या जरा आधी टेम्पो दारात थांबला. शालिनी उतरली ती मांडावरच्याच साडीत, कोपरापर्यंत बेसन, केसांत कालचा सुकलेला वळेसर. कारकुनाने विचारायचे ते विचारले, राजीखुशीने आहे ना? शालिनी म्हणाली, "तेंका इचारा पयलां." गोकुळदास म्हणाले, "होय." त्यांनी सही करून पेन तिच्याकडे दिले. तिने नाव सावकाश, पूर्ण लिहिले आणि पेन खाली ठेवले.

बाहेर आल्यावर गोकुळदास टेम्पोला टेकून उभे राहिले. "शालन, ती कंपनी परत येतली. कारखान्याचां काय करूया? इकूया काय?"

शालिनीने पदराने हातावरचे बेसन झटकले. "आता इचारलात," ती म्हणाली. "आता सांगतंय. नाय."

गोकुळदासांनी मान हलवली आणि टेम्पोचे दार तिच्यासाठी उघडून धरले. त्यांना अंधार पडायच्या आत मांडावर पोचायचे होते. गौरवीने हे सगळे आतून, खिडकीतून बघितले. ती अजून बाकावरच बसली होती.